स्वतःचं यूएसबी उपकरण संगणक ओळखत नाही? मायक्रोकंट्रोलर बोर्डवरचा दोष कसा शोधावा

मायक्रोकंट्रोलरवर स्वतःचं यूएसबी उपकरण उभं करताना सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या जागी शोधण्यात. दोष केबलमध्ये असतो आणि आपण डिस्क्रिप्टर (उपकरण स्वतःची ओळख सांगतं तो तक्ता) बदलत बसतो. ड्रायव्हर बसलेला नसतो आणि आपण क्लॉकच्या मागे लागतो. यूएसबीची जोडणी ठरलेल्या क्रमाने पुढे सरकते: वीज, जोडणीची चाहूल, रीसेट, पत्ता, डिस्क्रिप्टर, ड्रायव्हर आणि शेवटी डेटा. प्रत्येक पायरीवर अडलं तर त्याची खूण वेगळी असते. म्हणून पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नसतो, ‘गाडी कुठवर आली’ हा असतो. तो सुटेपर्यंत कोडला हात लावू नका.

हा लेख फुल स्पीड, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट वेगाच्या उपकरणांसाठी आहे. एसटीएम३२, आरपी२०४०, ईएसपी३२-एस३, एनआरएफ५२८४० अशा बहुतेक बोर्डांना तो लागू पडतो. हेक्साडेसिमल आकड्यांच्या आधी ‘हेक्स’ असं लिहिलं आहे.

हाताशी काय हवं

- डेटा जातो याची खात्री असलेली एक छोटी केबल, शक्यतो १ मीटरच्या आतली
- मल्टिमीटर
- जुना, साधा यूएसबी २.० हब
- बोर्डच्या यूएआरटी पिनांवर लावायला वेगळा सिरीयल अडॅप्टर. लॉग यूएसबीवरून काढायचा नाही, कारण तीच बिघडलेली आहे.
- लिनक्सवर डीमेसेज (कर्नलचा लॉग), एलएसयूएसबी (जोडलेल्या उपकरणांची यादी) आणि वायरशार्क. विंडोजवर यूएसबी ट्री व्ह्यू आणि यूएसबीपीकॅप
- बोर्डचा सर्किट आराखडा आणि चिपच्या रेफरन्स मॅन्युअलमधलं यूएसबीचं प्रकरण

लिनक्सचं यंत्र उपलब्ध असेल तर तपासाची सुरुवात तिथूनच करा, मग उपकरण विंडोजसाठी असलं तरी. लिनक्सचा कर्नल नेमकी चूक आकड्यासकट सांगतो; विंडोज बऱ्याच वेगवेगळ्या दोषांना ‘कोड ४३’ असं एकच उत्तर देतं.

१. आधी दुसऱ्याचं चालणारं फर्मवेअर चढवा

चिपच्या एसडीकेमधलं (कंपनीच्या तयार कोडसंचातलं) किंवा टायनीयूएसबी या मुक्तस्रोत यूएसबी स्टॅकमधलं सीडीसी (आभासी सिरीयल पोर्ट) अथवा एचआयडीचं (कीबोर्ड-माऊसचा वर्ग) तयार उदाहरण, त्यात एकही बदल न करता, तुमच्या बोर्डवर तुमच्याच केबलने चालवून पाहा. ते चाललं तर तारा, क्लॉक आणि वीज ठीक आहेत. सरळ पायरी ५ वर जा. नाही चाललं तर तुमच्या कोडचा अजून संबंधच आलेला नाही. ही चाचणी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक टाळतात, पण अर्धा तपास हीच करून देते.

एक अट आहे: उदाहरण तुमच्याच बोर्डसाठी बांधलेलं असावं. तीच चिप पण वेगळा क्रिस्टल असेल, तर चांगलं उदाहरणही चालणार नाही.

२. केबल, पोर्ट आणि तारा

जोडल्यावर डीमेसेजमध्ये एकही ओळ येत नसेल तर होस्टला, म्हणजे संगणकाला, उपकरण जोडल्याचं कळलेलंच नाही. कारणं साधारण या क्रमाने तपासा.

केबल फक्त चार्जिंगची आहे. बोर्डचा दिवा लागतो, त्यामुळे शंका येत नाही. हीच केबल दुसऱ्या एखाद्या चालू उपकरणाला लावून डेटा जातो का ते पाहा.

बोर्डवरच्या दोन पोर्टांपैकी चुकीचं पोर्ट. ईएसपी३२-एस३ च्या अनेक बोर्डांवर एक पोर्ट यूएआरटी चिपला आणि दुसरं थेट मायक्रोकंट्रोलरला जोडलेलं असतं. तुमचं उपकरण दुसऱ्यावर दिसणार, म्हणजे जीपीआयओ १९ (डी मायनस) आणि जीपीआयओ २० (डी प्लस) वर. शिवाय या चिपमध्ये आतला यूएसबी-सिरीयल-जेटॅग आणि ओटीजी (तुमचं उपकरण ज्यावर चालतं तो यूएसबी कंट्रोलर) हे दोन्ही भाग एकच पीएचवाय (तारांशी बोलणारं सर्किट) वाटून घेतात. ओटीजी सुरू झालं की नेहमीचं जेटॅग पोर्ट गायब होतं. तो बिघाड नाही.

पुल-अप चुकीचा आहे. ‘मी आलोय आणि फुल स्पीड आहे’ हे उपकरण डी प्लसवरच्या १.५ किलोओहमच्या पुल-अपने (तार ३.३ व्होल्टकडे ओढणाऱ्या रेझिस्टरने) सांगतं. होस्टकडे दोन्ही तारांवर १५ किलोओहमचे पुल-डाउन असतात, म्हणून निवांत स्थितीत डी प्लसवर साधारण ३ व्होल्ट दिसायला हवेत. बहुतेक नव्या चिपमध्ये हा पुल-अप आतच असतो आणि फर्मवेअरने तो चालू करायचा असतो. एसटीएम३२एफ१०३ मध्ये मात्र तो नाही, बाहेरून लावावा लागतो. ब्लू पिल नावाने मिळणाऱ्या अनेक बोर्डांवर आर१० या जागी १.५ ऐवजी १० किलोओहम बसवलेला असतो. गणित केलं तर डी प्लसवर जेमतेम २ व्होल्ट येतात, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. त्यामुळे एका संगणकावर चालतं, दुसऱ्यावर नाही. वीज काढून पीए१२ (डी प्लसची पिन) आणि ३.३ व्होल्ट यांच्यात रोध मोजा. १० किलोओहमच्या आसपास आला तर त्याला समांतर १.८ किलोओहमचा रेझिस्टर लावा, एकूण सुमारे १.५ होतो.

डी प्लस आणि डी मायनस उलटे जोडलेत. याची खूण अगदी स्पष्ट असते: डीमेसेज ‘न्यू फुल-स्पीड’ ऐवजी ‘न्यू लो-स्पीड यूएसबी डिव्हाइस’ म्हणतं आणि पुढे चुका येतात. पुल-अप डी मायनसवर दिसला तर होस्ट उपकरणाला लो स्पीड समजतो. स्वतः बनवलेल्या पीसीबीवर ही चूक वारंवार होते.

टाइप-सी सॉकेटवर सीसी रेझिस्टर (जोडणी ओळखणाऱ्या पिनांवरचे) नाहीत. ए-टू-सी केबलने चालतं, सी-टू-सी केबलने बोर्डला वीजच मिळत नाही, अशी तक्रार असेल तर कारण हेच. सीसी१ आणि सीसी२ या दोन्ही पिनांना स्वतंत्र ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडकडे हवा. दोन्ही पिना जोडून एकच लावू नका; काही केबलींबरोबर तो चालत नाही.

व्हीबस (केबलमधली ५ व्होल्टची तार) ओळखण्याची पिन मोकळी आहे. एसटीएम३२एफ४ मध्ये पीए९ वर व्हीबस तपासणं चालू ठेवलं आणि ती पिन प्रत्यक्षात जोडलेलीच नाही, तर चिपला वाटतं की केबल लागलेली नाही, आणि पुल-अप चालू होत नाही. पिन जोडा किंवा कॉन्फिगरेशनमध्ये व्हीबस सेन्सिंग बंद करा.

डेटा तारांवरच्या सीरिज रेझिस्टरांसाठी चिपचं डेटाशीट पाहा. आरपी२०४० ला दोन्ही तारांवर २७ ओहम लागतात, तर काही चिपमध्ये ते आतच असतात.

३. क्लॉक

होस्टला जोडणी कळते, पण डीमेसेजमध्ये ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’ पुन्हापुन्हा येतं आणि शेवटी ‘अनएबल टू एन्युमरेट’ येऊन थांबतं (एन्युमरेशन म्हणजे होस्टने उपकरण ओळखून त्याला पत्ता देण्याची प्रक्रिया). अशा वेळी पहिला संशय क्लॉकवर घ्या.

फुल स्पीड यूएसबीला ४८ मेगाहर्ट्झ लागतात आणि चूक ०.२५ टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे कमाल १२० किलोहर्ट्झ. आतला साधा आरसी ऑसिलेटर १ टक्क्याच्या आसपास चुकू शकतो आणि तापमानाप्रमाणे सरकतो. म्हणून क्रिस्टल वापरा, किंवा यूएसबीच्या एसओएफ (फ्रेम सुरू झाल्याची खूण देणाऱ्या) पॅकेटवरून स्वतःला दुरुस्त करणारा ऑसिलेटर. एसटीएम३२एफ०७२ मधला एचएसआय४८ आणि त्याच्या जोडीचं सीआरएस हे काम करतं. सीआरएस चालू करायला विसरलात तर सकाळी चालणारं उपकरण दुपारी तापल्यावर गळतं.

एफ१०३ वर नेहमीची मांडणी अशी: ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, पीएलएल (क्लॉक वाढवणारं सर्किट) ९ पट, म्हणजे ७२ मेगाहर्ट्झ, आणि यूएसबीसाठी भागाकार १.५. कोर ४८ वर चालवत असाल तर भागाकार १ करावा लागतो. हा एक आकडा चुकला की बाकी सगळं अचूक असूनही काही चालत नाही.

तपासणी सोपी आहे. क्लॉक एमसीओ (चिपचा क्लॉक बाहेर देणाऱ्या) पिनवर बाहेर काढा आणि फ्रीक्वेन्सी मोजा. साधन नसेल तर टायमरने १० सेकंदांनी यूएआरटीवर ओळ छापा आणि १० मिनिटं घड्याळाशी ताडून पाहा. क्रिस्टल १२ चा असताना कोडने ८ धरलाय, असली ढोबळ चूक लगेच पकडली जाते.

४. डीमेसेजमधल्या चुकांचे आकडे वाचायला शिका

लिनक्स देतो ते तीन आकडे पाठ असायला हवेत.

उणे ७१: पॅकेटला धड उत्तर आलं नाही. उत्तर आलंच नाही, किंवा आलं ते खराब होतं. तारा, क्लॉक, वीज, किंवा चुकीच्या पत्त्यावर उत्तर देणारी चिप.

उणे ११०: वेळ संपली. चिपचं हार्डवेअर बहुधा ‘थांबा’ म्हणत राहिलं आणि फर्मवेअरने डेटा भरलाच नाही. दोष बहुतेक कोडमध्ये.

उणे ३२: उपकरणाने स्वतःहून स्टॉल केलं, म्हणजे विनंती समजली पण नाकारली. याचा अर्थ तारा आणि क्लॉक उत्तम आहेत.

‘रीड/६४’ वर अडलं तर पत्ता मिळायच्या आधीच थांबलंय. ‘रीड/८’ दिसलं तर पत्ता लागलेला आहे. ‘नॉट अॅक्सेप्टिंग अॅड्रेस’ दिसलं तर सेट अॅड्रेस या पत्ता देणाऱ्या विनंतीच्या हाताळणीकडे पाहा. स्वतः यूएसबी स्टॅक लिहिणारे इथे नक्की अडतात. बऱ्याच चिपमध्ये नवा पत्ता रजिस्टरमध्ये विनंती येताच लिहायचा नसतो. शून्य लांबीचं उत्तर जुन्याच पत्त्यावरून जाऊन पोचल्यावर लिहायचा असतो. घाईने लिहिला तर ते उत्तरच हरवतं. उलट एसटीएम३२एफ४ च्या ओटीजी कोअरसारख्या काही कंट्रोलरांमध्ये पत्ता आधीच लिहावा लागतो आणि पुढचं हार्डवेअर सांभाळतं. म्हणून एका चिपचा कोड दुसरीवर जसाच्या तसा नेऊ नका.

उणे ११० ची दोन नेहमीची कारणं. पहिलं: मुख्य लूपमध्ये कुठेतरी मोठा डिले आहे. टायनीयूएसबी वापरताना ‘टीयूडी टास्क’ हे फंक्शन सतत, दर मिलिसेकंदाच्या आसपास बोलवलं जायला हवं. सेन्सर सुरू व्हायला २ सेकंद थांबणारा कोड एन्युमरेशन मारून टाकतो. दुसरं: डीबगरचा ब्रेकपॉइंट. होस्ट तुमच्यासाठी थांबून राहत नाही. यूएसबीच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावू नका, आणि इंटरप्टमध्ये थेट यूएआरटीवर छापू नका. घटना एका छोट्या रिंग बफरमध्ये नोंदवा आणि मुख्य लूपमधून छापा.

याच टप्प्यावर मध्ये यूएसबी २.० हब लावून पाहा. हबमधून चालतं आणि थेट लावल्यावर नाही, तर दोष बहुधा सिग्नलच्या दर्जाचा किंवा वेळेचा आहे, डिस्क्रिप्टरचा नाही. तारांशी खेळताना शॉर्ट झालं तरी संगणकाच्या पोर्टाऐवजी हबवर निभावण्याची शक्यता जास्त, हा वेगळा फायदा.

५. डिस्क्रिप्टर

इथवर आलात तर हार्डवेअरची चिंता सोडा. आता बाइट मोजायचे आहेत.

डिव्हाइस डिस्क्रिप्टर १८ बाइटचा, कॉन्फिगरेशन ९, इंटरफेस ९, एंडपॉइंट (डेटा ये-जा करण्याचं दार) ७, इंटरफेस असोसिएशन ८ आणि एचआयडी ९. कॉन्फिगरेशनमध्ये ‘एकूण लांबी’ नावाचं दोन बाइटचं घर असतं. त्यात कॉन्फिगरेशनपासून शेवटच्या एंडपॉइंटपर्यंत सगळ्यांची बेरीज लागते, खालचा बाइट आधी. नवा एंडपॉइंट जोडला आणि ही बेरीज किंवा इंटरफेसमधली एंडपॉइंटांची संख्या तशीच राहिली, ही सर्वांत नेहमीची चूक. हे आकडे हाताने लिहूच नका. साइझऑफने किंवा मॅक्रोने काढा.

बाकीचे सापळे:

- एंडपॉइंटच्या पत्त्यात दिशा असते. हेक्स ८१ म्हणजे एंडपॉइंट १ इन, होस्टकडे जाणारा. हेक्स ०१ म्हणजे आउट. इन आणि आउट नेहमी होस्टच्या बाजूने मोजतात.
- फुल स्पीड बल्क (मोठा डेटा नेणाऱ्या) एंडपॉइंटचं पॅकेट ८, १६, ३२ किंवा ६४ बाइटचंच. ५१२ हा हाय स्पीडचा आकडा आहे, तो इथे चालत नाही.
- विजेचं घर २ मिलिअॅम्पिअरच्या पटीत आहे. ५० लिहिलं तर १०० मिलिअॅम्पिअर, २५० लिहिलं तर ५००. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब १०० च्या वर देत नाही. तिथे ५०० मागितले तर होस्ट कॉन्फिगरेशन नाकारतो.
- अॅट्रिब्यूटच्या बाइटमध्ये सर्वांत वरचा बिट कायम १, म्हणजे किमान हेक्स ८०.
- स्ट्रिंग डिस्क्रिप्टर यूटीएफ-१६ मध्ये. लांबी म्हणजे अक्षरांच्या दुप्पट अधिक २. शून्य क्रमांकाची स्ट्रिंग मजकूर नसून भाषेचा कोड असते, बहुधा हेक्स ०४०९.
- सीडीसीबरोबर आणखी काही जोडून संयुक्त उपकरण केलं तर सीडीसीच्या दोन इंटरफेसांआधी असोसिएशन डिस्क्रिप्टर हवाच, आणि डिव्हाइस डिस्क्रिप्टरमध्ये क्लास हेक्स ईएफ, सबक्लास ०२, प्रोटोकॉल ०१. लिनक्सवर याशिवायही बऱ्याचदा निभावतं, विंडोजवर नाही.
- एचआयडीमध्ये रिपोर्ट डिस्क्रिप्टरची लांबी दोन ठिकाणी जुळावी लागते. उपकरण दिसतं पण विंडोज ‘कोड १०’ देतं, तेव्हा रिपोर्ट डिस्क्रिप्टर तपासा.

एंडपॉइंट किती वापरता येतात हे चिपगणिक बदलतं. ईएसपी३२-एस३ वर एका वेळी पाचच इन एंडपॉइंट चालतात, त्यात शून्य क्रमांकाचाही धरलेला. सीडीसी दोन खातं, मास स्टोरेज एक, एचआयडी एक. तिथेच कोटा संपला. एफ१०३ वर मर्यादा वेगळी आहे: सगळ्या बफरांना मिळून ५१२ बाइटची पॅकेट मेमरी, आणि सुरुवातीला प्रत्येक एंडपॉइंटमागे ८ बाइटचा तक्ता. बफर एकमेकांवर चढले तर चूक दिसत नाही, फक्त डेटा अधूनमधून बिघडतो. पत्त्यांचा कागदावर तक्ता मांडा. डोक्यात हिशेब करू नका.

उपकरणाने प्रत्यक्षात काय पाठवलं ते एलएसयूएसबीला -व्ही पर्याय देऊन किंवा यूएसबी ट्री व्ह्यूमध्ये पाहा आणि कोडशी ओळीने ताडा. यूएसबीपीकॅप वापरत असाल तर नव्याने जोडल्या जाणाऱ्या उपकरणांची नोंद घेण्याचा पर्याय आधी निवडा, नाहीतर नेमका एन्युमरेशनचाच भाग सुटतो.

६. ड्रायव्हर, आयडी आणि परवानग्या

व्हेंडर आयडी दुसऱ्या कंपनीचा उसना घेऊ नका. तिचा ड्रायव्हर तुमच्या उपकरणावर बसेल आणि दोष भलतीकडेच शोधाल. मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी पिड.कोड्स हा उपक्रम हेक्स १२०९ या व्हेंडर आयडीखाली प्रॉडक्ट आयडी देतो. त्यातले हेक्स ०००१ ते ००१० खासगी चाचणीसाठी राखलेले आहेत. ते आयडी घेऊन उपकरण वाटू किंवा विकू मात्र नका.

विंडोजवर स्वतःच्या, म्हणजे व्हेंडर क्लासच्या इंटरफेसला ड्रायव्हर आपोआप मिळत नाही. ‘कोड २८’ दिसतो. दोन मार्ग आहेत. चाचणीपुरतं झाडिग हे साधन वापरून विनयूएसबी हा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसवा. यादीत कीबोर्ड-माऊस निवडले जाणार नाहीत याची खात्री करा, कारण त्यांचा ड्रायव्हर बदलला तर ते बंद पडतात. कायमचा मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्ट ओएस २.० डिस्क्रिप्टर, जो विंडोज ८.१ पासून चालतो. त्यासाठी यूएसबीची आवृत्ती हेक्स ०२०१ हवी. ०२०० ठेवलीत तर होस्ट बीओएस डिस्क्रिप्टर (ज्यात ओएस २.० ची नोंद असते) मागतच नाही, आणि तुमचा सगळा मजकूर न वाचता राहतो. संयुक्त उपकरणात विनयूएसबीची नोंद त्या-त्या फंक्शनच्या सबसेटमध्ये लागते, थेट वरच्या पातळीवर नाही.

आता सर्वांत फसवा सापळा. ओएस डिस्क्रिप्टर आहे की नाही हे विंडोज एकदाच विचारतं आणि व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी व डिव्हाइस आवृत्ती यांच्या नावाने रजिस्ट्रीत लिहून ठेवतं. पहिल्यांदा चुकीचं उत्तर गेलं की नंतर कोड सुधारूनही फरक पडत नाही. म्हणून या भागात बदल केला की डिव्हाइस आवृत्तीचा आकडा दर वेळी एकाने वाढवा.

लिनक्सवर उपकरण दिसतं, पण लिबयूएसबी (प्रोग्रॅममधून यूएसबी वापरण्याची लायब्ररी) उणे ३ देतं: परवानगी नाही. यूडेव्ह (उपकरणांच्या परवानग्या सांभाळणारा लिनक्सचा भाग) याच्या नियमांच्या फोल्डरात तुमच्या आयडीसाठी नियम लिहा. ‘यूअॅक्सेस’ टॅग वापरत असाल तर फाइलच्या नावाचा आकडा ७३ पेक्षा लहान हवा, नाहीतर नियम वाचला जातो पण परवानगी लागत नाही. नियम पुन्हा वाचायला सांगा आणि केबल काढून पुन्हा लावा. सगळं सुडोने चालवणं हा उपाय नाही.

लिबयूएसबीचा उणे ६ म्हणजे इंटरफेस आधीच कर्नलच्या ड्रायव्हरकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडे आहे. उणे १२ विंडोजवर आला तर विनयूएसबी बसलेलं नाही. सीडीसी उपकरणाला जोडल्या जोडल्या काही अनोळखी अक्षरं येत असतील तर मोडेममॅनेजर ते मोडेम समजून चाचपतोय. यूडेव्ह नियमातून त्याला हे उपकरण सोडायला सांगा.

७. उपकरण दिसतं, पण डेटा जात नाही

६४ च्या पटीत पाठवलं की अडतं. बल्क हस्तांतरण संपलं हे होस्टला ६४ पेक्षा छोट्या पॅकेटवरून कळतं. बरोबर १२८ बाइट पाठवले तर शेवट कळत नाही आणि होस्ट वाट पाहत बसतो. शेवटी शून्य लांबीचं पॅकेट पाठवा. १००, २००, ३०० बाइटवर चाचणी घेतली तर हा दोष कधीच दिसत नाही. ६३, ६४ आणि ६५ वर घ्या.

एकाआड एक पॅकेट हरवतं. हा डेटा टॉगलचा (पॅकेटांवर आलटून-पालटून लागणाऱ्या डेटा० आणि डेटा१ या खुणेचा) दोष. सेट कॉन्फिगरेशन आल्यावर आणि एंडपॉइंटचा स्टॉल काढल्यावर टॉगल पुन्हा डेटा० वर यायला हवा.

होस्टवर ओव्हरफ्लो, लिबयूएसबीत उणे ८. वाचण्याचा बफर पॅकेटच्या आकाराच्या पटीत ठेवा. १० बाइट हवे असले तरी ६४ मागा.

आउट एंडपॉइंट एकदाच चालतो. एक पॅकेट घेतल्यावर पुढच्यासाठी तो पुन्हा तयार करावा लागतो; तो कॉल राहिलेला असतो.

सीडीसी पोर्ट उघडतं, पण काही येत नाही. अनेक उदाहरणांचा कोड डीटीआर (टर्मिनल तयार असल्याचा संकेत) चालू झाल्यावरच पाठवतो. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये डीटीआर चालू करा, किंवा ती अट काढा.

एचआयडीएपीआयने (एचआयडी उपकरणांशी बोलणाऱ्या लायब्ररीने) पाठवलेलं एक घर सरकलेलं दिसतं. रिपोर्ट आयडी वापरत नसलात तरी पाठवताना पहिला बाइट शून्य द्यावा लागतो. ८ बाइटच्या रिपोर्टसाठी ९ बाइटचा बफर.

वायरशार्कवर पाहताना एक मर्यादा लक्षात ठेवा. वायरशार्क ज्यावरून वाचतं ते लिनक्सचं यूएसबीमॉन ऑपरेटिंग सिस्टिमने केलेल्या मागण्या दाखवतं, तारेवरची पॅकेटं नाहीत; उपकरणाने किती वेळा ‘थांबा’ म्हटलं ते तिथे दिसणार नाही. त्यासाठी खरा यूएसबी अॅनालायझर लागतो. २४ मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक अॅनालायझर आणि पल्सव्ह्यू ही जोडी लो स्पीडला छान पुरते. फुल स्पीडला प्रत्येक बिटमागे दोनच नमुने मिळतात, म्हणून तिच्या निकालावर विसंबू नका.

८. काही वेळाने गायब होतं

लिनक्सवर काही सेकंद निष्क्रिय राहिल्यावर उपकरण थिजत असेल तर ऑटोसस्पेंड तपासा. त्या उपकरणाच्या पॉवर कंट्रोलच्या फाइलमध्ये ‘ऑटो’ ऐवजी ‘ऑन’ लिहून पाहा. त्याने चाललं तर दोष तुमच्या सस्पेंड-रिझ्यूमच्या कोडमध्ये आहे: बहुतेक वेळा रिझ्यूमनंतर पीएलएल पुन्हा सुरू केलेला नसतो आणि चिप आतल्या आरसी ऑसिलेटरवरच राहते.

मोटर किंवा रिले चालू होताच उपकरण तुटतं, तेव्हा कोड वाचत बसू नका. त्या भाराला वेगळी वीज द्या आणि ग्राउंड एकत्र ठेवा. रिलेच्या कॉइलवर डायोड आहे का ते पाहा, आणि बोर्डच्या ५ व्होल्टच्या रेषेवर कपॅसिटर वाढवा. पण व्हीबसवर थेट १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त लावू नका, नाहीतर जोडताक्षणी येणारा विजेचा लोंढा पोर्टाचं संरक्षण उडवतो.